कोकणातील स्वयंपाकघरासाठी प्लायवूड: आधी गाभा पाहावा

आषाढात चिऱ्याच्या भिंतींना ओल धरते आणि लाकडी दारे चौकटीत अडकू लागतात, हे गुहागरपासून मालवणपर्यंत कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. तरीही स्वयंपाकघरातील कपाटांसाठी प्लायवूड घेताना आपण बहुधा वरचा गुळगुळीत पापुद्राच पाहतो, आतले थर म्हणजे गाभा पाहत नाही.

लाकूड ओलाव्यामुळे तंतूंच्या लांबीच्या दिशेने फारसे वाढत नाही, आडव्या दिशेने मात्र फुगते आणि आक्रसते. म्हणूनच प्लायवूडमध्ये विषम संख्येचे थर एकमेकांशी काटकोनात चिकटवून ही हालचाल बांधून ठेवलेली असते. थरांची जाडी कमीजास्त असेल, मध्ये फटी राहिल्या असतील किंवा मऊ आणि कठीण लाकडे कशीही मिसळली असतील, तर हा तोल बिघडतो आणि कपाटाचे दार, म्हणजे शटर, पिळते. त्यामुळे तक्त्याच्या चारही कडा नीट पाहाव्यात, आणि कडेला रंग किंवा लांबी (पुट्टी) भरलेली असल्यास एक तुकडा कापून दाखवण्याचा आग्रह धरावा. पॉपलरचा गाभा हलका असतो, पण बिजागरीचे स्क्रू त्यात घट्ट धरत नाहीत. निलगिरी मजबूत असली तरी नीट वाळवलेली नसेल तर वाकते. गर्जनासारख्या कठीण लाकडाचा, एकसारख्या थरांचा गाभा महाग पडला तरी मी तोच सुचवेन.

गोंदही तितकाच महत्त्वाचा आहे. किमान सिंकखालच्या कपाटासाठी फिनॉलिक (पाण्यात न सुटणाऱ्या) गोंदाचे, आयएस ७१० (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) चिन्हांकित प्लायवूड घ्यावे; एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या, दर्जाचे तिथे वापरू नये. शंका असल्यास छोटा तुकडा काही तास पाण्यात उकळावा. थर सुटू लागले तर तो माल नाकारावा.

सांगाड्याला १८ मिमी जाडी पुरते. उंच शटरसाठी मात्र चांगला ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला तक्ता) अधिक सरळ राहतो. सनमाइका दोन्ही बाजूंना लावावा, कारण एकच बाजू झाकली तर उघडी बाजू दमट हवा शोषते आणि फळी धनुष्यासारखी वाकते. कापलेल्या सर्व कडा, नळासाठी पाडलेल्या भोकांसह, सीलरने बंद कराव्यात. काम सुरू होईपर्यंत तक्ते भिंतीला टेकवून न ठेवता जमिनीपासून उंच, समपातळीतील पट्ट्यांवर आडवे रचावेत.