थिन क्लायंट नको, जुना पीसी चालेल

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या छोट्या कारखान्यात सहा-आठ जणांना टॅली सोडून फक्त ब्राउझर आणि लिब्रेऑफिस लागत असेल, तर तयार थिन क्लायंट (सगळे काम सर्व्हरवर चालवून फक्त त्याचा पडदा दाखवणारा छोटा संगणक) कशाला? तेच काम जुना पीसी करतो. कोअर टू ड्युओ किंवा त्यापुढचा जुना पीसी आणि २ जीबी रॅम पुरते. पेंटियम ४ मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका, विजेच्या बिलात वसूल होतो.

सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचे काम चालवणाऱ्या मुख्य संगणकावर, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), हलका एक्सएफसीई डेस्कटॉप आणि एक्सआरडीपी (दुसऱ्या पीसीवरून डेस्कटॉप वापरू देणारा प्रोग्रॅम) टाका. सर्व्हरची रॅम माणशी दीड-दोन जीबी धरा. आठ जणांना १६ जीबी. ती खाणार ब्राउझरच. पीसीवर अगदी हलके लिनक्स आणि रेमिना (सर्व्हरला जोडून देणारा प्रोग्रॅम) पुरे. जोडणी सर्व्हरच्या ३३८९ पोर्टवर (नेटवर्कच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर) होते. सर्व्हर ते स्विच (सगळ्या नेटवर्क केबल जोडणारा डबा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस हवे, पीसीकडे १०० एमबीपीएस चालते. वायफायवर माउस अडखळतो.

लॉगिननंतर काळा पडदा आला की बहुतेक वेळा तोच युजर सर्व्हरच्या स्क्रीनवरही लॉगिन असतो. तिथून लॉगआउट करा, प्रत्येकाला वेगळे खाते द्या. व्हिडिओची अपेक्षा नको. हलणारी प्रत्येक चौकट नेटवर्कवरून जाते.

पीसी सुरू होताना एफ१ दाबायला सांगत अडला, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटन सेल बदला. यूपीएस आधी सर्व्हरला आणि स्विचला. पीसी बंद पडला तरी सर्व्हरवरचे काम उघडेच राहते, पुन्हा जोडले की तिथूनच पुढे. सर्व्हर गेला तर सगळ्यांचेच जाते.