सेव्हन कार्ड स्टड शिकताय? तीन पत्तीवाल्यांनो, या चुका टाळा

नाशिकमध्ये पत्ते कोणाला शिकवावे लागत नाहीत, दिवाळीत सिडको असो की गंगापूर रोड, कुठे ना कुठे तीन पत्तीचा डाव बसलेलाच असतो. पण तीच मंडळी सेव्हन कार्ड स्टड, म्हणजे काही पानं उघडी ठेवून खेळायचा पोकर, खेळायला बसली की जुन्या सवयी आड येतात. आणि हो, शिकताना चिंचोके नाहीतर प्लॅस्टिकच्या चिप्स घ्या, पैसे अजिबात नको. पैसे लावून ऑनलाइन खेळायचे गेम २०२५ च्या कायद्याने देशभर बंद झालेत आणि राज्यात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच.

पहिली गडबड रँकिंगची. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये बरोब्बर उलटं, कारण पाच पानांचा कलर लागणं सिक्वेन्सपेक्षा अवघड आहे (कलर ५,१०८ प्रकारे लागतो, सिक्वेन्स १०,२०० प्रकारे). क्रम कागदावर लिहून मध्येच ठेवा, शोच्या वेळी भांडण नको.

पान वाटायची पद्धत सोपी आहे, दोन झाकून एक उघडं, मग एकेक करत तीन उघडी, शेवटचं परत झाकून, आणि सातातली बेस्ट पाच धरायची. सुरुवातीला तीन पत्तीतल्या बूटसारखे सगळ्यांचे चिप्स पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात जातात. पहिल्या राउंडला ज्याचं उघडं पान सगळ्यात छोटं त्याला आधी चिप टाकावीच लागते, सारखं पान असेल तर किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक. पुढच्या राउंडपासून ज्याची उघडी पानं भारी तो आधी बोलतो, हे बरेच जण विसरतात.

पण खरी चूक म्हणजे फक्त स्वतःच्या पानांकडे बघणं! अहो, या खेळात समोरच्याची चार पानं उघडी दिसतात, एवढी माहिती तीन पत्तीत कधी मिळते का? मेंढीकोट खेळणाऱ्यांना किती दहे पडले ते पाठ असतं, तसंच इथे करायचं, कारण कोणी पॅक झाला की त्याची पानं उलटी होऊन जातात, परत बघता येत नाहीत. समजा सहा पानांत तुमचे चार बदाम झालेत आणि इतरांची दहा पानं तुम्ही पाहिलीत, म्हणजे न दिसलेली ३६ उरली. त्या दहात एकही बदाम नसेल तर ९ बदाम बाकी, म्हणजे चारात एकदा कलर लागणार. पण चार बदाम आधीच जाऊन बसले असतील तर बाकी ५, म्हणजे सातात एकदाच. हात तोच, पण पहिल्या वेळी ४ चिप्सचा कॉल (समोरच्याइतकेच चिप्स टाकून डावात राहणं) परवडायला पॉटमध्ये १२ पुरतात, दुसऱ्या वेळी साधारण २५ हव्यात. जोडीचंही तेच, गुलामांची जोडी घेऊन बसलात आणि बाकीचे दोन्ही गुलाम समोर पडलेत तर तिसरा येणार कुठून?

लिमिटच्या खेळात, म्हणजे जिथे बेट किती लावायची ते आधीच ठरलेलं असतं, पाचव्या पानापासून बेट डबल होते. त्यामुळे "आता एवढं टाकलंच आहे तर बघू" असं म्हणत पुढे जाणं सगळ्यात महाग पडतं, थांबायचं तर तिथेच थांबा, किंबहुना तिसऱ्या पानालाच. समोर राजा उघडा आहे, तो रेझ करतोय (बेट वाढवतोय) आणि तुमच्याकडे दहाची जोडी, बाकी काही नाही, तर सरळ पॅक करा ना.

ब्लाइंड चाल वाढवत घाबरवायची सवयही इथे चालत नाही. बेट ठरलेली असते, एका राउंडला बहुतेक ठिकाणी तीनच रेझ, त्यामुळे बरा हात असलेला माणूस एका बेटीसाठी हलत नाही. ब्लफ तेव्हाच जमतो जेव्हा तुमची उघडी पानं तशी दिसतात, म्हणजे तीन-चार इस्पिक समोर आणि बाकीच्यांकडे इस्पिक जवळपास नाहीच.

आठ जणांपेक्षा जास्त बसवू नका. आठांनाही सात-सात म्हणजे ५६ पानं होतात आणि कॅटमध्ये ५२च, पण कोणी ना कोणी आधीच पॅक होतं म्हणून चालून जातं. सगळेच टिकले आणि पानं संपली तर शेवटचं एकच पान मध्ये उघडं ठेवायचं, ते सगळ्यांचं. शिकताना सहा जण बेस्ट.