डब्ल्यू १२३ चा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फिल्टर: गाडीखाली जाण्याआधीची तयारी

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ या जुन्या मॉडेलमधला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तेल सोडायचे दोन ड्रेन प्लग (एक पॅनला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटाला, दुसरा टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाला), पॅनचे सहा बोल्ट आणि फिल्टरचे तीन स्क्रू, एवढाच पसारा. खोळंबा होतो तो पॅन उघडल्यावर काहीतरी कमी पडले की. पॅकिंग दुसऱ्याच गिअरबॉक्सचे निघते, नाहीतर पाचवा लिटर ओतल्यावर तेल संपते, आणि गाडी आठवडाभर घोडीवर (जॅक स्टँडवर) राहते.

म्हणून खरेदीआधी गिअरबॉक्सचा नंबर वाचा. तो गिअरबॉक्सच्याच बॉडीवर, पॅनच्या कडेच्या वर, ठोकलेला असतो. तिथे चिखल-तेलाचा थर असणारच, तारेचा ब्रश न्या. सुरुवातीच्या डब्ल्यू १२३ ला ७२२.१ मालिकेचा गिअरबॉक्स होता, १९८१ च्या आसपास ७२२.३ आला, त्याचा धाकटा भाऊ ७२२.४ छोट्या इंजिनांना बसवला गेला. इथून पुढचे सगळे ७२२.३ आणि ७२२.४ बद्दल आहे. तिच्यानंतरच्या डब्ल्यू १२४ च्या (जिची जुळणी १९९५ पासून पुण्यातही झाली) चार गिअरच्या ऑटोमॅटिकलाही याच घराण्यातला गिअरबॉक्स असतो, पण फिल्टर आणि पॅकिंग गाडीच्या मॉडेलवरून मागू नका, गिअरबॉक्सच्या नंबरावरून मागा. ७२२.३ साठी फिल्टरचा मूळ पार्ट नंबर १२६ २७७ ०२ ९५. सोबत पॅनचे पॅकिंग आणि ड्रेन प्लगचे दोन नवे वायसर घ्या. जुने वायसर दाबून चपटे झालेले असतात. तेच परत लावले की दुसऱ्या दिवशी फरशीवर लाल थेंब दिसतात.

तेलाचा हिशेब असा: टॉर्क कन्व्हर्टरसकट रिकामे केले तर ७२२.३ ला साधारण ६.२ लिटर आणि ७२२.४ ला ५.५ लिटर लागते. सात लिटर आणून ठेवा. तेल डेक्सरॉन २ किंवा ३ दर्जाचे, साधे खनिज. जनरल मोटर्सने डेक्सरॉन ३ चे परवाने २००६ अखेर बंद केले, त्यामुळे आज डब्यावर ‘डेक्सरॉन ३ ला योग्य’ अशा अर्थाचाच मजकूर सापडतो. नामांकित कंपनीचे असेल तर ते चालते. नव्या मर्सिडीजच्या पाच-सात गिअरच्या गिअरबॉक्सचे महागडे तेल इथे ओतू नका; जास्त किमतीचे म्हणजे जास्त चांगले, हा हिशेब गिअरबॉक्सला कळत नाही.

हत्यारांत ५ मिमीची चांगली ॲलन की हवी. दोन्ही ड्रेन प्लगना तीच लागते, आणि झिजलेल्या कीने प्लगचे तोंड गोल झाले की काम तिथेच थांबते. प्लगच्या खाचेतली माती आधी खिळ्याने टोकरून काढा, की पूर्ण आत बसली पाहिजे. पॅनच्या बोल्टना १३ ची गोटी, इंजिन फिरवायला क्रँकच्या बोल्टसाठी २७ ची गोटी आणि लांब दांडा. फिल्टरच्या स्क्रूंना नेमक्या मापाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर. छोटा टॉर्क पाना मात्र टाळू नका. पॅनचे बोल्ट फक्त ८ न्यूटन-मीटरवर कसायचे असतात, फिल्टरचे स्क्रू ४ वर, ड्रेन प्लग १४ वर. पॅनच्या बोल्टांचे आटे ॲल्युमिनियमच्या बॉडीत आहेत. लांब दांड्याच्या पान्याने ‘अजून एक टिचकी’ दिली की आटे मरतात, आणि मग शंभर रुपयांच्या पॅकिंगपायी गिअरबॉक्स उतरवायची पाळी. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क पाना एवढ्या खाली भरवशाचा नसतो.

स्वच्छता हा या कामाचा गाभा. व्हॉल्व्ह बॉडीतले (तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागातले) व्हॉल्व्ह इतक्या बारीक फटीत सरकतात की वाळूचा कणही त्यांना अडकवतो. म्हणून आदल्या दिवशी गिअरबॉक्सचा तळ डिझेल आणि ब्रशने धुऊन, पुसून, वाळू द्या. विशेषतः पॅनच्या कडेवर साचलेली माती. पुसायला धागे न सुटणारे सुती कापड घ्या. गॅरेजमधला नेहमीचा सुताचा बोळा आत नेऊ नका. वारा सुटलेल्या अंगणात पॅन उघडू नका.

उघडण्याआधी गाडी चालवून तिचे आताचे वागणे लिहून ठेवा: दुसरा-तिसरा गिअर कोणत्या वेगाला पडतो, झटका बसतो का, गिअर पडताना इंजिन मोकळे फिरते का. डिपस्टिकचे तेल पांढऱ्या कागदावर टिपा. लाल किंवा तपकिरीकडे झुकलेले चालेल. काळे आणि जळका वास असेल, गाडी घसरतही असेल, तर गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचची अस्तरे गेली आहेत आणि फिल्टर त्यावर इलाज नाही. तिथे फिल्टरवर खर्च करण्याऐवजी दुरुस्तीचाच अंदाज घ्या. व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनकडच्या व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधला दाब ठरवणाऱ्या डबीची) रबरी नळीही काढून पाहा. आत लाल तेल दिसले तर पडदा फाटला आहे. मॉड्युलेटर याच फेरीत मागवा, नाहीतर नवे तेलही त्याच वाटेने इंजिनकडे जाईल. गिअर लिव्हरच्या दांड्यांचे प्लॅस्टिकचे बुश स्वस्त असतात, तेही याच ऑर्डरमध्ये.

गाडी चारही घोड्यांवर सपाट उभी करा, नाहीतर खड्ड्यावर घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नाही. तेल कोमट हवे, उकळते नको. वीस मिनिटे चालवून तासभर थांबलात की एक्झॉस्टनेही हात भाजत नाही. बॅटरीची ऋण तार सोडा, कारण कन्व्हर्टरचा प्लग त्याच्या आवरणातल्या खिडकीसमोर आणायला इंजिन हाताने फिरवायचे आहे. समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा. डिझेलला कॉम्प्रेशनमुळे जोर लागतो, सावकाश घ्या. एकाने फिरवावे, दुसऱ्याने खालून विजेरी धरून पाहावे. हा प्लग न काढता नुसता पॅन रिकामा केला तर निम्मे जुने तेल आतच राहते.

परात आठ लिटरची घ्या, आणि निघालेले तेल लिटरच्या खुणा असलेल्या बाटल्यांत मोजा. पॅन काढल्यावरही तासभर तेल टपकत राहते. ते थांबेपर्यंत नवा फिल्टर पिशवीतून काढू नका. पॅनच्या तळाशी राखाडी लेप असतो, तो झिजेचा नेहमीचा माल. चमकणारे पापुद्रे किंवा पितळी कण दिसले तर मात्र फोटो काढून ठेवा. पॅनची कड सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहा, बोल्टपाशी वाकली असेल तर हलक्या हाताने ठोकून सरळ करा. पॅकिंग कोरडेच बसवा. सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे सुटून फिल्टरवर जातात.

भरण्यासाठी डिपस्टिकच्या नळीत बसेल असे लांब, बारीक, जाळीचे नरसाळे आधीच बसवून पाहा. बॅटरीची तार जोडून, इंजिन बंद असताना चार लिटर ओता. मग चाकांना अडण्या लावून, ब्रेक दाबून, इंजिन चालू करा आणि लिव्हर पी (पार्क) मध्ये ठेवून उरलेले थोडे थोडे घाला. पातळी इंजिन चालू असतानाच, पी मध्ये, तेल ८० अंशांवर असताना, सपाट जमिनीवर पाहायची. थंड तेलाची पातळी किमान खुणेच्या बरीच खाली दिसते. ती पाहून भर घातली की गरम झाल्यावर तेल जास्त होते, फिरते गिअर त्याचा फेस करतात आणि ते ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) बाहेर येते. किमान आणि कमाल खुणांमध्ये जेमतेम पाव-एक लिटरचे अंतर आहे, तेव्हा शेवटचा लिटर कपाने घाला. पन्नास किलोमीटर चालल्यावर पॅनच्या कडेवरून कोरडा कागद फिरवा आणि डिपस्टिक पुन्हा पाहा.