पर्सनल ट्रेनर म्हणून टिकायचे असेल तर या चुका टाळा

पुण्यातल्या जिममध्ये नव्या ट्रेनरना तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. ही मुले मेहनती असतात, त्यांनी स्वतःचे शरीर कमावलेले असते आणि प्रमाणपत्रही हातात असते. तरीही त्यांतली बरीच जण वर्ष-दीड वर्षात हे काम सोडतात आणि कारणे जवळपास तीच निघतात. या व्यवसायात घर चालते ते पॅकेज संपल्यावर पुन्हा पैसे भरणाऱ्या क्लायंटवर, आणि तो पुन्हा पैसे भरतो ते ट्रेनरच्या दंडाकडे पाहून नव्हे, तर स्वतःचा गुडघा दुखायचा थांबला म्हणून.

सर्वांत घातक चूक म्हणजे पहिल्याच दिवशी क्लायंटला पिळून काढणे. एका जिममधला प्रसंग मी प्रत्येक नव्या ट्रेनरला सांगतो. चाळिशीतल्या, बैठे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी जानेवारीच्या गर्दीत पर्सनल ट्रेनिंग सुरू केले. त्यांच्या तरुण ट्रेनरने ना रक्तदाब विचारला, ना चालू औषधे. आपली छाप पडावी म्हणून पहिल्याच तासात त्याने स्क्वॅट, लंजेस आणि उड्या यांचे सेटवर सेट करून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येईना, तेव्हा ‘सर, हे नॉर्मल आहे, उद्या आलात की मोकळे होईल’ असा मेसेज त्याने पाठवला. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. घाबरून त्यांच्या पत्नीने जिममध्ये फोन केला, तो मी घेतला आणि त्यांना लगेच रुग्णालयात न्यायला सांगितले. निदान रॅब्डोमायोलिसिसचे झाले. यात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सलाइनवर काही दिवस काढून ते बरे झाले, पण जिममध्ये परतले नाहीत, आणि त्यांच्या सोसायटीतून येणारे सभासदही हळूहळू बंद झाले.

नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे; मात्र असह्य वेदना, सूज, हातापायांत आलेला अशक्तपणा आणि गडद लघवी यांपैकी काहीही दिसले तर मेसेज पाठवण्यात वेळ न घालवता डॉक्टर गाठायचा. कोल्हापूरच्या तालमीतला वस्तादसुद्धा नव्या पोराला पहिल्या दिवशी शेकड्याने बैठका मारायला लावत नाही, तो आकडा हळूहळू वाढवतो. एवढा जुना शहाणपणा आपल्या मातीत असताना पहिल्या तासात क्लायंटला आडवे करण्याची घाई कशासाठी, हे मला आजही कळत नाही.

माझी सवय अशी आहे की, पहिल्या भेटीत वजनाला हातच लावायचा नाही. व्यायाम झेपेल का हे तपासणारी पार-क्यू ही सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायची, रक्तदाब मोजायचा, औषधांची नावे वहीत लिहायची आणि मग खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीवरचे पुशअप एवढेच करून पाहायचे. औषधांचा प्रश्न उगाच नसतो. बीटा ब्लॉकर हे रक्तदाबाचे किंवा हृदयाचे औषध घेणाऱ्याच्या नाडीचे ठोके व्यायामातही फारसे वाढत नाहीत, त्यामुळे घड्याळावरच्या आकड्यावर विसंबून त्याला पळवले तर अंदाज चुकतो. त्याला बोलता येते का, श्रम किती वाटतात, हे विचारत राहावे लागते. इन्सुलिन घेणाऱ्या क्लायंटची साखर व्यायामात घसरू शकते, म्हणून माझ्या बॅगेत ग्लुकोजची पुडी कायम असते. उच्च रक्तदाब असलेल्याला श्वास रोखून वजन उचलू देऊ नये. संकष्टीचा किंवा नवरात्राचा उपवास आहे का, हेही विचारावे, कारण सकाळपासून फक्त चहावर असलेला माणूस संध्याकाळी पायांचा व्यायाम करताना चक्कर येऊन पडतो.

दुसरी चूक शॉर्टकटची आहे, आणि तिच्याबाबत मी कुणालाही सूट देत नाही. डब्यामागे मिळणाऱ्या कमिशनसाठी प्रत्येकाच्या गळ्यात व्हे प्रोटीन मारणारा ट्रेनर दोन-चार महिने कमावतो आणि मग लोक त्याला टाळू लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात, पण आधी ताटात काय आहे ते तरी पाहावे. सदाशिव पेठेतल्या शाकाहारी घरात चिकन ब्रेस्ट आणि ब्रोकोलीचा छापील डाएट चार्ट देऊन काय साधणार? तिथे मटकीची उसळ, दही, पनीर आणि सोयाबीनच्या वड्या यांचा हिशेब मांडावा लागतो. कोरड्या वड्यांच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. याहून गंभीर प्रकार मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनांचा आहे. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वाढवण्याचे हे औषध व्यायामाचा जोर वाढवण्यासाठी विकताना राज्यात लोक पकडले गेले आहेत. असल्या मालाची नुसती ओळख करून देणारा ट्रेनरही माझ्या फ्लोअरवर राहत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतात. सेट चालू असताना मोबाइल पाहू नका. फॉर्म, म्हणजे व्यायाम करतानाची शरीराची ठेवण, सुधारण्यासाठी हात लावण्याआधी विचारा, विशेषतः महिला क्लायंटना. परवानगीशिवाय कुणाचेही ‘आधी-नंतर’चे फोटो टाकू नका. सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून जीव वाचवण्याचे, प्रशिक्षण घ्या आणि वेळेवर ताजे करा. एसीई किंवा एनएएसएम या अमेरिकी संस्थांचे ट्रेनरचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नूतनीकृत करावे लागते आणि त्यासाठी वीस तासांचे शिक्षण दाखवावे लागते, तेव्हा ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पहाटे पाच ते रात्री दहा असे सगळे स्लॉट भरू नका, दुपारी झोपा. रद्द झालेल्या सत्राचा नियम पैसे घेण्याआधी लिहून द्या, कारण गणपती आणि दिवाळीत सगळेच गैरहजर राहतात आणि वाद तेव्हाच होतात.

फी रोख घेऊन खर्च करून टाकण्याची सवयही लवकर मोडा. पावती द्या, पैसे बँकेत भरा, जिम टीडीएस कापत असेल तर त्याचा हिशेब ठेवा आणि दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्र भरा. घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रेच मागेल.