सॉफ्टवेअर कंपनीत मार्केटिंग करायचंय? आधी सपोर्टच्या खुर्चीत बसा

२००६ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका टर्निंग शॉपमध्ये मी सेल्सच्या सहकाऱ्याबरोबर गेले होते. आमची कंपनी लहान कारखान्यांसाठी ईआरपी, म्हणजे खरेदी, माल आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर करायची आणि त्याचं माहितीपत्रक मी लिहिलं होतं. आठ पानं, आर्ट पेपर, आणि पहिल्याच पानावर ‘संपूर्ण एकात्मिक बिझनेस सोल्युशन’. मालकांनी ते चाळलं, बाजूला ठेवलं आणि कपाटातून हिरवी बॉक्स फाइल काढली. आत बाहेर पाठवलेल्या मालाच्या चलनांचा गठ्ठा, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल पेनाने तारीख. म्हणाले, “मॅडम, हा माल प्लेटिंगला गेलाय. १८० दिवसांत परत आला नाही तर त्यावर घेतलेलं एक्साइजचं क्रेडिट, म्हणजे करातली वजावट, परत भरावी लागते. कुठल्या चलनाचे दिवस भरत आलेत, हे तुमचं सॉफ्टवेअर सांगतं का?”

सांगत होतं. तसा एक रिपोर्ट आमच्याकडे होता. माझ्या आठ पानांत त्याचा साधा उल्लेख नव्हता.

त्याच आठवड्यात मी एकच पान नव्याने लिहिलं आणि त्या मालकांचा प्रश्न जसाच्या तसा मथळा म्हणून टाकला. सेल्सची मुलं आठ पानी पत्रक डिकीत ठेवून ते एक पान खिशात घालून फिरायला लागली. आता एक्साइज जाऊन जीएसटी आला, जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला गेलेला कच्चा माल परत यायची मुदत एक वर्षाची झाली. तारखा लिहून ठेवलेली फाइल मात्र मला अजून कितीतरी टेबलांवर दिसते.

म्हणून नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी सांगते की पहिले तीन महिने लिहायची घाई करू नका. सकाळचे दोन तास सपोर्टच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या अडचणींचे फोन घेणाऱ्यांच्या टेबलाशेजारी बसा. हेडफोन मागून घ्या. लोक फोनवर काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. ‘इन्व्हेंटरी मिसमॅच’ असं कुणी म्हणत नाही, म्हणतात, “कॉम्प्युटरमध्ये ४० नग आहेत आणि रॅकवर ३१च.” पुढे वेबसाइटवर, जाहिरातीत, ईमेलच्या विषयात जे चालतं ते हेच वाक्य असतं. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत आणि आजही नवीन मोहीम आखताना मी आधी त्या उघडते.

आठवड्यातून एक दिवस सेल्सबरोबर बाहेर पडा. डेमोत तोंड उघडू नका. समोरचा माणूस कुठल्या स्क्रीनला पुढे सरकून बसतो आणि कुठे मोबाइल काढतो, तेवढं टिपा. खोलीत कोण कोण आहे तेही बघा. सॉफ्टवेअर वापरणारा स्टोअरकीपर, पैसे देणारा मालक, आणि “सर, आपलं एक्सेल बरं आहे” म्हणणारा अकाउंटंट, तिघांच्या काळज्या वेगळ्या. एकच पत्रक तिघांना पुरत नाही. ज्यांनी आपल्याला नकार दिला त्यांना महिन्याभराने फोन करून कारण विचारा. हे काम कुणालाच आवडत नाही, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच फोनांनी.

हे फक्त छोट्या कंपन्यांचं शहाणपण नाही. पुण्यातल्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचं उदाहरण घ्या. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून कॉम्प्युटर दुरुस्तीपर्यंत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींमध्ये व्हायरसचा त्रास वारंवार दिसू लागला आणि भाऊ संजय यांनी त्यावर अँटिव्हायरस लिहिला. गिऱ्हाइकाची अडचण त्यांना दुकानाच्या टेबलावरच सापडली होती. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली.

दुसरं उदाहरण मी प्रशिक्षणात नेहमी सांगते ते इंटेलचं. त्यांची नवी ३८६ चिप १९८५ मध्येच आली होती, तरी लोक आधीच्या २८६ चिपचे कॉम्प्युटर घेत राहिले. इंटेलच्या मार्केटिंगमधल्या डेनिस कार्टर यांनी १९८९ मध्ये जाहिरात केली ती अशी की २८६ या आकड्यावर लाल फुली. चिप कॉम्प्युटरच्या पोटात असते, ती विकत घेणाऱ्याला दिसतच नाही. त्याच्याशी थेट बोलायचं धाडस तोवर चिपवाले करत नव्हते. १९९१ मध्ये ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू झाली आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या जाहिरातींचा काही खर्च इंटेल उचलू लागली. पण थेट बोललात की थेट उत्तरही द्यावं लागतं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. ज्यांना खरोखर अडचण येईल त्यांनाच चिप बदलून देऊ, असं कंपनी आधी म्हणाली. लोक खवळले. शेवटी मागेल त्याला बदलून द्यावी लागली आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. उत्पादनात दोष निघाला तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हेही मार्केटिंगचंच काम आहे, ते वकिलांवर सोडू नका.

यावरून माझी एक चूक सांगते. एका कंपनीत असताना, पुढच्या तिमाहीत येणारं मोबाइल ॲप मी वेबसाइटवर ‘उपलब्ध’ म्हणून टाकलं. डेव्हलपमेंटला सात महिने जास्त लागले. चाकणच्या एका कारखान्याने त्या ॲपसाठीच ॲडव्हान्स भरला होता. त्यांच्या पर्चेसच्या बाईंचा फोन मीच घेतला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून रिलीज झालेलं मी स्वतः चालवून बघते, मगच त्यावर लिहिते. डेव्हलपर मंडळींशी रोजचं बोलणं ठेवा. टेस्टिंगला बसलात तर ते तुम्हाला आपलं मानतात.

आता आकडे. यात कच्चे राहिलात तर एक्झिक्युटिव्हवरून मॅनेजर होणं अवघड. एका आढावा बैठकीत मी लाइक आणि व्ह्यू दाखवत होते. फायनान्सच्या साहेबांनी विचारलं, “यातून ऑर्डरी किती?” मला सांगता आलं नाही आणि बजेट निम्म्यावर आलं. त्यांचं बरोबर होतं. समजा प्रदर्शनातल्या स्टॉलला ३ लाख रुपये गेले. ४०० कार्डं जमली, ६० जणांशी नीट बोलणं झालं, १२ डेमो, ३ ऑर्डरी. म्हणजे एका ऑर्डरला १ लाख. वर्षाचं शुल्क ८० हजार असेल तर ते गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी टिकलंच पाहिजे, नाहीतर स्टॉल तोट्यात गेला. ही मांडणी सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, उघडून स्वतः करता आली पाहिजे. आणि टिकण्याचा प्रश्न आला की पुन्हा सपोर्टच्या खुर्चीकडे जावं लागतं.

एआयची साधनं जरूर वापरा, पहिला मसुदा ती झटपट देतात. रॅकवरच्या ३१ नगांची गोष्ट मात्र त्यांना तुम्हीच सांगायची असते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीचं फार दडपण असतं. लहान, स्वच्छ वाक्यं लिहिता आली की काम भागतं. ती रोज एक पान लिहून येतात. शॉप फ्लोअरवर सुपरवायझर मराठीत मोकळा होतो, ते ऐकणं तुम्हाला सहज जमतं. तेच तुमचं भांडवल आहे.

मुलाखतीला जाताना त्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणारे दोन-तीन जण शोधा. ओळखी काढा, चहाला भेटा. मग त्यांच्या शब्दांत एक पान लिहून न्या: हे कशासाठी घेतलं, काय अडतं, काय आवडतं. उमेदवार निवडायला बसते तेव्हा मी डिग्रीच्या आधी हे पान मागते. गेल्या वर्षी एका मुलीने आणलेल्या पानावर आमच्याच सॉफ्टवेअरची एक तक्रार होती, आम्हाला ठाऊक नसलेली. मी ते पान घेऊन तशीच उठले आणि सपोर्टच्या टेबलाकडे गेले.