‘तू जाऊन ये, मी बसतो इथंच’ : नाइलाजानं आलेल्या माणसाबरोबर लंडन बघताना या चुका टाळा

हे वाक्य कानावर पडलं नाही अशी सहल मी तरी केलेली नाही. आपण म्युझियमच्या पायऱ्या चढायला लागतो आणि बरोबरचा माणूस एक बाक हेरून ठेवतो. मग आपण आधी आर्जवं करतो, मग टोमणा मारतो, शेवटी चिडून एकटेच आत जातो आणि आतलं काहीच धड बघत नाही.

माझ्याबरोबर दादा होता. माझा थोरला भाऊ, नुकताच निवृत्त झालेला. लंडन माझ्या डोक्यातलं. त्याला वहिनीनं ‘घरी बसून काय करणार, जा’ म्हणून ढकललं होतं. आठ दिवस होतो. पहिले चार मी जवळजवळ एकटीच्या हट्टानं वाया घालवले. काय चुकलं ते खाली लिहिलंय.

प्रत्येक ‘नको’चा अर्थ एकच धरणं

सकाळी नऊचं ‘नको’ आणि दुपारी तीनचं ‘नको’ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. सकाळचं बहुतेकदा खरंच नको असतं, म्हणजे तो बेतच पटलेला नसतो. दुपारचं ‘नको’ पायांचं, पोटाचं किंवा लघवीचं असतं. लघवीचं कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. दुसऱ्या दिवसापासून दादानं पाणी पिणंच बंद केलं. दुपारपर्यंत डोकं दुखायचं, मग प्रत्येक गोष्टीला नकार. मी ते त्याच्या स्वभावात जमा करत राहिले. तिसऱ्या दिवशी सहज म्हणाला, ‘इथं सोय कुठं असते कळत नाही गं.’

भुयारी रेल्वेच्या, म्हणजे ट्यूबच्या, अनेक स्टेशनांवर स्वच्छतागृह नसतं. पण किंग्ज क्रॉस, वॉटर्लू, व्हिक्टोरिया अशा मोठ्या रेल्वे स्टेशनांवर असतं आणि २०१९ पासून तिथं पैसेही घेत नाहीत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न इथं प्रवेशच फुकट, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी आत गेलं तरी कोणी अडवत नाही. उपाय सोपा आहे: सकाळी निघतानाच, कोणी विचारायच्या आधी, ‘अकराला इथं सोय आहे, एकला तिथं’ असं सांगून टाकायचं. चौथ्या दिवशी मी हे केलं आणि दादा पुन्हा पाणी प्यायला लागला. त्याच्या ‘स्वभावा’तला निम्मा भाग तिथंच गेला.

दोघांत एक कार्ड

ही माझी सगळ्यात महागडी चूक, आणि पैशांनी नव्हे.

लंडनमध्ये ट्यूबला आत शिरताना कार्ड टेकवायचं आणि बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, असो की बँकेचं कॉन्टॅक्टलेस, माणशी एक लागतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं आणि विसरले होते. मी कार्ड टेकवून फाटकातून आत गेले आणि वळून तेच दादाच्या हातात दिलं. त्यानं टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. मागे रांग. कोणी काही वाईट बोललं नाही, फक्त एकेक माणूस हळूच शेजारच्या फाटकाकडे सरकला. दादा कार्ड उलटसुलट करून बघत होता आणि मी पलीकडून ‘नीट टेकव, नीट टेकव’ ओरडत होते. शेवटी एका कर्मचाऱ्यानं बाजूचं रुंद फाटक उघडून दिलं. त्या रात्री दादा म्हणाला, ‘उद्या मी खोलीवरच थांबतो.’ कारण सांगितलं, पाय दुखतात.

पाय दुखत नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांना यंत्रं शिकवलेल्या माणसाला चारचौघांत एक फाटक उघडता आलं नव्हतं. अशा माणसाला शहराचा कंटाळा आलेला नसतो, आपलं पुन्हा हसं होईल याची धास्ती असते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची, हा नियमही मी त्याला सांगितला नव्हता. मागून कोणीतरी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणालं तेव्हा त्याला तो कळला.

काय करायचं? प्रत्येकाला स्वतःचं कार्ड द्यायचं. गर्दी नसताना, दहा-साडेदहानंतर, एखाद्या स्टेशनवर एकदा आत-बाहेर करून बघायचं. आणि पुढे नेहमी त्यांना आधी जाऊ द्यायचं, आपण मागे. अडलं तर आपण त्यांच्या बाजूला असतो, पलीकडे नाही. एवढ्या एका बदलानं किती फरक पडतो ते करून बघा. आणखी एक: आत जाताना प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर येताना त्याच खात्याचा फोन टेकवला, तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन अपुऱ्या प्रवासांचं जास्तीचं भाडं कापलं जातं. शेवटपर्यंत एकच वस्तू वापरा.

नकाशावर जवळ दिसतं म्हणून ट्यूब

नकाशात लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन शेजारी-शेजारी आहेत. प्रत्यक्षातही आहेत, तीनशे मीटरसुद्धा अंतर नाही. पण ट्यूबनं गेलात तर आधी खाली उतरा, गाडीची वाट बघा, मग कॉव्हेंट गार्डनला लिफ्टच्या रांगेत उभे राहा. रांग नको म्हणून गोल जिन्यानं निघालात, तर १९३ पायऱ्या. आम्ही निघालो. साठाव्या पायरीनंतर दादानं मोजणं सोडलं आणि माझ्याशी बोलणंही.

ट्यूब १८६३ ची, जगातली पहिली. बरीचशी स्टेशनं लिफ्टचा विचार न करता बांधलेली आहेत. लिफ्ट कुठं आहेत ते दाखवणारा वेगळा नकाशा मिळतो, तो फोनमध्ये ठेवा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या मात्र सगळ्या स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं.

नाखूश माणसासाठी खरा उपाय लाल बस. बसताना कार्ड एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. रोख पैसे २०१४ पासून चालत नाहीत. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली की काम झालं. १५ नंबरची बस टॉवर ऑफ लंडनपासून सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट करत ट्रफाल्गर स्क्वेअरला येते. चालायचं नाही, रांग नाही, कोणी काही विचारत नाही आणि शहर समोरून सरकत राहतं. रहदारीत अडकते, हे खरं. पण घाई आपल्याला असते, त्यांना कुठं असते?

पहिल्याच संध्याकाळी नाटक

उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे साडेसातचा प्रयोग शरीराला मध्यरात्री सुरू होतो. आमच्या महागड्या तिकिटावर दादा मध्यंतराआधीच झोपला. पहिले दोन दिवस संध्याकाळ मोकळी ठेवा. पहाटे चारला जाग येतेच, तर पुलावरून एक फेरी त्या वेळी मारा; तेव्हा रस्ते तुमचेच असतात. डिसेंबरात मात्र हे चालणार नाही. तेव्हा दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, उजेडाचे तास मोजकेच.

‘एवढ्या लांब आलोय तर पूर्ण बघू’

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत. मांडलेल्या जेमतेम ८० हजार, शंभरात एक. म्हणजे पूर्ण कोणीच बघत नाही. मग आपण कशाला भावाला फरफटत न्यायचं?

फुकट आणि तिकिटाची ठिकाणं नाखूश माणसाच्या बाबतीत अगदी वेगळी वागतात. फुकट ठिकाणाहून वीस मिनिटांत बाहेर पडता येतं, कोणाचं काही जात नाही. उद्या पुन्हा या, आणखी वीस मिनिटं बघा. तिकीट काढलं की मात्र आपण पैसे वसूल करायला लागतो आणि बरोबरचा माणूस त्या वसुलीत भरडला जातो. म्हणून माझा नियम: दोघं मिळून फुकट ठिकाणी, तिकिटाच्या ठिकाणी ज्याला हवं त्यानं एकट्यानं. लंडनमध्ये हे जमतं, कारण तिथली थोर म्युझियमं फुकटातच आहेत. शुक्रवारी काही उशिरापर्यंत उघडी असतात; व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट तर रात्री दहापर्यंत.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे त्यांना काय आवडेल ते आपणच ठरवणं. दादा घरातली सगळी घड्याळं स्वतः दुरुस्त करतो. म्हणून मी त्याला मोठ्या उत्साहानं ब्रिटिश म्युझियममधल्या घड्याळांच्या दालनात नेलं, ३८ आणि ३९ नंबरच्या खोल्या. तिथं १५८५ च्या सुमाराचं सोनेरी जहाज आहे, घड्याळही आणि खेळणंही. मेजवानीत ते टेबलावरून चालत जायचं आणि तोफा उडवायचं. मी आधीच बाजूला उभी राहून त्याचा चेहरा बघत होते. त्यानं पाच मिनिटं बघितलं. ‘छान आहे,’ म्हणाला, ‘पण बंद आहे.’

आणि ते ‘आवडलं का? कसं वाटतंय?’ दर अर्ध्या तासानं विचारणं बंद करा. त्याला दोनच उत्तरं असतात आणि दोन्ही खोटी.

बिनसल्यावर तिथंच निकाल लावायला जाणं

रांगेत, पुलावर, पावसात भांडू नका. आधी बसायची जागा, मग स्वच्छतागृह, मग काहीतरी खाणं, याच क्रमानं. त्यानंतरही ‘नको’ आलं तर ते खरं नको. खोलीवर परत जा किंवा वेगळे व्हा. खर्चावरून कुरकुर असेल तर रोज सकाळी दिवसाची रक्कम ठरवून त्यांच्याच हाती द्या. मनातला गुणाकार थांबत नाही, पण निदान प्रत्येक कॉफीला मोठ्यानं होत नाही.

वेगळं व्हायला घाबरणं

ही शेवटची चूक मी पाचव्या दिवशी सुधारली. बरोबर आलोय म्हणजे चोवीस तास बरोबर, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. ‘मी बसतो इथंच’ हा मला रुसवा वाटायचा. तो बहुतेकदा चांगला प्रस्ताव असतो, फक्त नीट अमलात आणायचा.

नीट म्हणजे कसं? भेटायची जागा अशी हवी की ती एकच असेल. ‘ट्रफाल्गर स्क्वेअरला भेटू’ म्हणणं म्हणजे हरवायची सोय. ब्रिटिश म्युझियमला दोन दरवाजे आहेत, एक ग्रेट रसेल स्ट्रीटवर, दुसरा मागे माँटेग्यू प्लेसला. किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस शेजारी-शेजारी असली तरी दोन वेगळी स्टेशनं आहेत. थांबणाऱ्या माणसाकडे चालू फोन, स्वतःचं कार्ड आणि कागदावर हॉटेलचा पत्ता हवा. वेळ आपण सांगितलेली पाळायची. तासाचे दोन झाले तर पुढचा बाक मिळणार नाही.

त्या दिवशी दादाला मी टेम्सच्या काठी सोडलं, क्लिओपाट्राज नीडलपाशी. १८७८ मध्ये उभा केलेला इजिप्तचा दगडी स्तंभ आहे, खाली नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, जवळच उंटांच्या आकाराचे हात असलेले लोखंडी बाक आहेत. चुकायची सोयच नाही. तिथून दहा मिनिटांवर नॅशनल गॅलरी. तीनला गेले, पाचला परत आले. बाक रिकामा. पोटात गोळा आला. मग दिसला, कठड्यावर कोपरं टेकून खाली वाकलेला.

‘ये इकडे,’ म्हणाला. ‘अकरा पायऱ्या बुडाल्या.’

टेम्सला इथवर भरती येते. लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत वर-खाली होतं. पार पश्चिमेला टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत समुद्राची ही चढउतार पोचते. हे मला माहीत नव्हतं. दादानं ते दोन तास बघून शोधून काढलं होतं. आधी एक लाकडी फळी समुद्राकडे वाहत जायच्या ऐवजी उलट का चाललीय म्हणून तो उठला, मग पायऱ्या मोजायला लागला. मी म्हटलं, चल, भूक लागलीय. तर म्हणाला, ‘थांब जरा, अजून चढतंय.’

दुसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडन. नियमाप्रमाणे मी एकच तिकीट काढलं होतं, सकाळी दहा वाजताचं. किल्ल्याबाहेर नदीला लागून धक्का आहे, तिथं बसायला पैसे पडत नाहीत. रात्री दादानं माझ्या फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून घेतलं, वहीत दोन आकडे लिहिले आणि सकाळी माझ्या आधी बूट घालून तयार.

‘तू जाऊन ये,’ म्हणाला. ‘दहाला उतरती आहे. मी बसतो तिथंच.’