जुनी टर्बो सेडान: मराठवाड्याच्या उन्हाधुळीत टिकवायची कशी

मराठवाड्यात टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीचे तीन वैरी आहेत: फुफाटा, मे महिन्याचं ऊन आणि बोअरचं पाणी. पहिला हवेतून आत शिरतो, दुसरं ऑईल जाळतं, तिसरं रेडिएटर आणि इंजिनाचं हेड आतून कुरतडतं. लिनिया टी-जेट असो, व्हेंटो १.२ टीएसआय, रॅपिड १.० टीएसआय, लॉरा-ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय किंवा व्हर्ना १.० टर्बो, सेकंडहँड घेतल्यावरचा पहिला खर्च या तिघांवरच व्हायला हवा. पॉवर वाढवण्याचं त्यानंतर बघू. ऑक्टाव्हिया तर आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातच जोडली गेली, पण तिच्या पुस्तकातलं सर्व्हिसचं वेळापत्रक काही परभणीच्या शिवाररस्त्यासाठी लिहिलेलं नाही. इथे बोलणं पेट्रोल टर्बोचं आहे. डिझेलचे प्रश्न वेगळे.

घ्यायच्या आधी

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. इंजिन कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, कारण खरं काय ते थंड इंजिनच सांगतं. चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी वाजते का ऐका. लॉराच्या काळातल्या १.८ टीएसआयमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) हा ओळखीचा कच्चा दुवा आहे आणि तो सुटला तर व्हॉल्व्ह-पिस्टन एकमेकांवर आदळतात. याच इंजिनात पिस्टन रिंगमुळे ऑईल पिण्याची खोडही आढळते, म्हणून मालकाला दोन सर्व्हिसिंगच्या मधे किती ऑईल टाकावं लागतं ते विचाराच. हजार किलोमीटरला अर्धा लिटर लागत असेल तर ती गाडी सोडून द्या.

सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी पडतेय, आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातंय.

मग इंजिन बंद, थंड असताना टर्बोच्या तोंडाचा पाइप काढा आणि पंख्याच्या मधला नट बोटांनी धरा. वर-खाली किंचित हलला तर घाबरू नका. शाफ्ट ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो, बंद गाडीत तेवढी ढिलाई असतेच. आत-बाहेर हलला, किंवा पाती भोवतीच्या घराला घासल्याची चकाकी दिसली, तर टर्बोचा खर्च किमतीतून वजा करून बोला. पात्यांच्या कडा वाळूने खाल्ल्यासारख्या दिसल्या तर गाडी फाटक्या एअर फिल्टरवर चाललेली आहे, आणि तीच धूळ सिलिंडरमध्येही गेलेली आहे. पाइपच्या आत ऑईलचा ओलावा चालतो, तळाशी साचलेलं ऑईल चालत नाही.

एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगची ऑटोमॅटिक असेल तर एक जास्तीची चाचणी घ्या. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीचा (स्कोडा-फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा) क्लच गर्दीत रांगून झिजतो, म्हणून मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. थोड्या चढावर, ब्रेक सोडून, गाडी माणसाच्या चालीने नेऊन बघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरात थरथर जाणवली तर क्लच पॅक बदलायचा खर्च आला.

साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषांचे कोड मोबाईलवर दाखवणारा) सोबत असू द्या. किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) वाचा: समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल दाखवेल, संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर असल्याने तिथे ९५ च्या आसपास. आकडा याहून फारच वेगळा आला तर सेन्सरवर विश्वास नको. आयडलिंगला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोलात करत असलेली कमी-जास्त) १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला उतरत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम गळतोय. पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातला वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा फाटलेला असतो किंवा उंदरांनी पाइप कुरतडलेला असतो. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या शेडमध्ये उभी राहत असेल तर उंदरांचा संशय आधी घ्या.

ऑईल

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि त्याला आधार फक्त ऑईलचा. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपासचा एक्झॉस्ट असतो. ऑईल जुनं झालं की गरम बाजूला त्याची कोळशासारखी खपली बसते, ती सुटून बारीक वाहिन्या बुजवते, आणि उपाशी बेअरिंग काही मिनिटांत जातं. स्कोडा-फोक्सवॅगन १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणतात. आपल्याकडे ७,५०० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. नुसतं गावात फिरणाऱ्या, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांच्या गाडीला सहा महिने पुरे.

डब्यावर मोठ्या अक्षरातलं ५डब्ल्यू-४० बघून ऑईल घेऊ नका, मागच्या बारीक अक्षरातलं मानांकन वाचा. स्कोडा-फोक्सवॅगनच्या जुन्या पेट्रोल टर्बोला व्हीडब्ल्यू ५०२ ०० लागतं. बाकीच्यांना मॅन्युअलमध्ये असेल ते. १.२ टीएसआयला चार लिटरच्या आसपास ऑईल बसतं, १.८ ला त्याहून अधिक, म्हणून पाच लिटरचा कॅन घ्या आणि उरलेलं डिकीत ठेवा.

बदलताना गाडी दहा मिनिटं चालवून, सपाट जागी उभी करून, पंधरा मिनिटं पूर्ण निथळू द्या. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, कारण ऑईल सम्प (इंजिनाखालची ऑईलची टाकी) ॲल्युमिनियमचा असेल तर पान्यावर पाय देऊन आवळलेल्या बोल्टने त्याचे आटे जातात. जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून त्याचा कागद उघडा. बोटाला चमचमती कणी लागली तर बेअरिंग झिजतंय. नवीन फिल्टरच्या रबराला ऑईल लावा, ठरल्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, गाडी चालू करून एक मिनिट रेस न देता राहू द्या, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघत बाकीचं टाका. खुणेच्या वर भरलं तर जादा ऑईल पीसीव्हीतून इनटेकमध्ये येतं.

चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून आल्याआल्या चहाला थांबलात, किंवा समृद्धीवर १२० ने येऊन थेट पंपावर वळलात, तर लगेच किल्ली फिरवू नका. शेवटचे दोन किलोमीटर हळू आणा, नाहीतर मिनिटभर आयडलिंगला ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंटचा छोटा पंप फिरत राहतो. त्याची घरघर ऐकून घाबरू नका, आणि तो वाजतोय म्हणून बॅटरीची वायर तर मुळीच काढू नका.

हवा आणि गळती

एअर फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा, १०,००० ला बदला. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारून कागद साफ करण्याची इथली सवय वाईट आहे. डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ सरळ टर्बोवर जाते. बॉक्सच्या आत, फिल्टरच्या पलीकडे बोट फिरवा. धूळ लागली तर फिल्टर लोकल आहे किंवा बॉक्सची क्लिप तुटलेली आहे. ऑईल लावलेला उघडा कोन फिल्टर आवाज छान करतो, पण बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि जिथे एअर मास सेन्सर आहे तिथे त्यावर ऑईल बसवतो. कंपनीचा बॉक्स आणि चांगला कागदी फिल्टर यापुढे इथल्या रस्त्यावर दुसरं काही नको.

पिकअप गेला, सूं-सूं आवाज येतो आणि स्कॅनरवर पी०२९९ (टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड) दिसतो, की बरेच जण थेट टर्बो बदलायला सांगतात. थांबा. आधी बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेची, गळती शोधा. पाइपलाइनच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या पाइपच्या मापाचं पीव्हीसी एंड कॅप आणा, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, ते पाइपमध्ये क्लॅम्पने आवळा आणि इंजिन बंद ठेवून हवा भरा. १० पीएसआयच्या वर जाऊ नका, क्रँकचे ऑईल सील उलटतात. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. इंटरकूलरची (टर्बोने तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीची) टोकं, थ्रॉटलचा पाइप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब वळवणारा). बुडबुडे दिसले तिथे दुखणं. पुष्कळदा एक ढिला क्लॅम्प किंवा या व्हॉल्व्हचा फाटका पडदा निघतो.

१.२, १.८ टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे काजळी जमते. ६० ते ८० हजारांच्या पुढे थंड इंजिन आयडलिंगला अडखळत असेल तर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या) काढून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. टाकीत ओतायच्या बाटलीने ती काजळी निघत नाही. टी-जेटला ही अडचण नाही, तिचं इंजेक्शन मल्टिपॉइंट आहे.

पाणी

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, एक तांब्यासुद्धा नको. त्यातला चुना टर्बोच्या आणि हीटरच्या अरुंद वाटांत बसतो. कंपनीचं कूलंट आणि बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, एवढंच सूत्र. गुलाबी-जांभळ्यात हिरवं मिसळू नका, गाळ होतो. सेकंडहँड गाडीच्या कूलंटच्या टाकीत तांबूस गढूळ पाणी दिसलं तर डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुऊन, निथळलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत काढा, मग भरा आणि हवा काढा. टीएसआय इंजिनांत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक घर पाझरतं. खाली थेंब पडत नाही, गरम धातूवर वाळून गुलाबी पापुद्रा राहतो. टॉर्च लावून तोच शोधा.

रेडिएटर, कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या फटींत कापूस वेचणीच्या दिवसांत रुई आणि धूळ बसून नमदा होतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या दाबाने धुवा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं तर पत्र्याच्या जाळ्या आडव्या होतात आणि काम उलटंच होतं.

टर्बो बदलायचीच वेळ आली तर

नवा टर्बो महिन्याभरात का गेला, याचं उत्तर बहुधा जुन्याच पाइपात असतं. ऑईल आणणारा पाइप नवा घ्या, त्याच्या बॅन्जो बोल्टमध्ये (ज्यातून ऑईल वाहतं त्या पोकळ बोल्टमध्ये) जाळी असेल तर तीही. परतीचा पाइप आतून साफ हवा. तो अडला की ऑईल सीलमधून बाहेर येतं आणि दोष नव्या टर्बोच्या माथी बसतो. ऑईलच्या जोडांवर सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा सुटून वाट बंद करतो, गॅस्केटच बसवा. जुना टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर काढून धुवा, नाहीतर त्यातलं ऑईल आणि धातूचे कण इंजिनात जातील. ऑईल-फिल्टर बदला, टर्बोच्या ऑईलच्या भोकात स्वच्छ ऑईल ओतून पंखा हाताने फिरवा, फ्युएल पंपचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. ऑईलचा दिवा विझला की मगच फ्यूज लावा.

थोडी ताकद, थोडी पकड

पहिले पैसे टायरला. कडेवरचा चार आकडी शिक्का बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी शाबूत असली तरी समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर नेऊ नका. त्यानंतर ब्रेक पॅड आणि डॉट ४ ब्रेक ऑईल, दर दोन वर्षांनी. मग स्पार्क प्लग, ३० ते ४० हजारांना, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर किंवा मॅन्युअल सांगेल तो. इंजिन थंड असतानाच काढा. रबर फुगलेलं असेल तर बूस्टचे पाइप सिलिकॉनचे, नवे क्लॅम्प. एवढ्यानेच पुष्कळ गाड्यांना हरवलेला पिकअप परत मिळतो.

स्टेज १ मॅपिंगने, म्हणजे पार्ट न बदलता नुसतं इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, पेट्रोल टर्बोला साधारण १५ ते २५ टक्के जास्त टॉर्क मिळतो, पण तो कुठे जाणार हे आधी बघा. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची, म्हणजे डीक्यू२०० ची, मर्यादा २५० न्यूटन मीटर. व्हेंटो १.२ टीएसआय १७५ देते, तिला जागा आहे. ऑक्टाव्हिया १.८ ची डीएसजी मुळातच २५० वर असते. तिच्यात मॅप टाकणं म्हणजे क्लचचं आयुष्य विकणं. मॅन्युअल गाडीत चौथ्या गिअरात आरपीएम चढतो आणि वेग नाही, असं दिसलं तर आधी क्लच बदला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणारा किंवा सायलेन्सर मोकळा करणारा मॅप घेऊ नका, पीयूसी आणि पोलीस दोन्हीकडे अडकाल. मूळ रचनेत बदल करण्यावर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी बाहेर येतो.

मॅप केलेल्या गाडीला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल बाराही महिने, आणि पाचव्या गिअरात १४०० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर कधीच नाही. घाटात गिअर उतरवा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जात असेल तर फ्युएल पाइपचं रबर दर सर्व्हिसिंगला दाबून बघा. मूळ फाइल ट्यूनरकडून मागून स्वतःजवळ ठेवा, कारण शोरूममध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की मॅप पुसला जातो. मॅपची खरी परीक्षा मे महिन्यात दुपारी घ्या: मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात १८०० ते ४५०० आरपीएम पूर्ण ॲक्सिलरेटर, शेजारच्याने स्कॅनरवर लॉग घ्यायचा. नॉकमुळे (पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) कुठल्याही सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) पुन्हापुन्हा चार अंशांहून जास्त मागे जात असेल तर लॉग घेऊन ट्यूनरकडे जा आणि बूस्ट कमी करून घ्या.